कळकळीचा माणूस

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक पाटी आहे : 'येथे चपला काढू नयेत, ही कळकळीची विनंती.' पाटीखाली रोज वीस-पंचवीस चपला पडलेल्या असतात. ती वाचली की मला थकवा येतो, कारण हा शब्द गुळगुळीत करण्यात माझाही हात आहे.

मी कवठे महांकाळच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. आमच्याकडे रक्षाविसर्जनाला स्मशानात माइक असतो, आणि मराठीच्या मास्तरची त्यातून सुटका नसते. गेलेला माणूस ओळखीचा असो वा नसो, मला बोलावं लागे. शेवटचं वाक्य ठरलेलं : 'असा हा कळकळीचा माणूस आपल्यातून गेला.' सख्ख्या भावाला बांधावरून कोर्टात खेचणारा कळकळीचा, बायकोला मारणाराही कळकळीचा. मेल्या म्हशीला मणभर दूध. पुढेपुढे लोकांना सवयच लागली. 'कळकळीचा' हा शब्द कानावर पडला की सगळे कपडे झटकत उभे राहायचे. त्यानंतर दोन मिनिटं शांतता, की घरी.

आमच्या शाळेच्या शिपायाला सगळे मामा म्हणत. गावातल्या प्रत्येक मयतीला ते हजर, त्यामुळे माझी सगळी भाषणं त्यांनी ऐकलेली. गेल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. भेटायला गेलो तेव्हा पाणी आणायला मामी आत गेल्या, तसे ते म्हणाले, "सर, एक सांगू का? रागावू नका."

"सांगा की, मामा."

"माझ्या टायमाला त्यो कळकळीचा शब्द नगं. लय जनास्नी लावलाय तुमी."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मग काय म्हणू?"

"काय खरं आसंल त्ये सांगा. न्हाईतर गप ऱ्हावा."

मी शब्द दिला. घरी येऊन कागद घेऊन बसलो. खरं काय ते मला माहीत होतं, कारण पहिल्या एसटीनं येणारा मी एकटाच मास्तर होतो. उन्हाळ्यात शाळेची टाकी टँकरनं भरायची. मामा सकाळी त्यातलं तांब्याभर पाणी आधी स्वतः प्यायचे, अर्धा तास पायरीवर बसायचे आणि मगच पोरांसाठी नळ सोडायचे. "काय मामा, राजाचं ताट चाखताय काय?" असं मी चिडवायचो. "पोरं पित्यात न्हवं," एवढंच ते म्हणायचे. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. एकदा त्यांनी नळ सोडलेच नाहीत, सगळी टाकी ओतून दिली आणि स्वतः तीन दिवस आजारी पडले. कागदावर मी एवढंच लिहिलं. कळकळ म्हणजे काय, हे तीस वर्षं पोरांना वाक्यात उपयोग करायला लावून मी शिकवलं होतं, आणि ती समोर पायरीवर बसलेली असायची.

मामा उन्हाळ्यातच गेले. तिसऱ्या दिवशी सांगलीहून एसटीनं उभ्यानं गेलो. ऊन, धूळ, गुडघे दुखत होते. माझ्या आधी चौघे बोलले, त्यातल्या दोघांनी स्वतःचीच कामं सांगितली. मग माइक माझ्याकडे आला. कागद खिशात होता. तो काढता काढता काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांची लागलेली सवय आपसूक बोलून गेली, "मामा म्हणजे अत्यंत कळकळीचा माणूस..."

लोक उभे राहिले.

"बसा, बसा, अजून सांगायचंय," असं म्हणायला हवं होतं. पण माना खाली गेल्या होत्या, टोप्या उतरल्या होत्या. मीही मान खाली घातली. खरं सांगायचं तर मी थकलो होतो, आणि संपलं म्हणून मला क्षणभर बरंही वाटलं. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

सगळे पांगल्यावर घरी जाऊन मामींपुढे बसलो. त्या म्हणाल्या, "बरं बोललासा, सर." मला राहवेना. टाकीचं सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"दर उन्हाळ्यात ह्यास्नी पोटाचं व्हायचं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, भाईर कुटंतरी अरबट-चरबट खात्यात. लय बोलायची मी. आवं, पोरांम्होरं बोलायची."

बाहेर ओट्यावर त्यांचे दोन्ही मुलगे भावकीबरोबर चहा घेत होते. मामींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्ये तितं समद्यांम्होरं सांगायचं हुतं की वो, सर. पोरांनी ऐकलं आसतं."