हिल्डाने बाळ उचललं

मरोळ गावठाणात कुणाला दिवस गेले, ही बातमी तिच्या नवऱ्याच्या आधी आमच्या हिल्डाला कळते. कशी कळते ते विचारू नका. एखादी पोर पायरी चढताना नुसता कमरेवर हात ठेवते आणि हिल्डा खिडकीतून ओरडते, "मार्चमध्ये गो, मार्चमध्ये!" आणि होतंही मार्चमध्येच.

हे शिक्षण तिला पार्ल्याच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात मिळालं. लग्नाआधीपासून ती तिथे पॅकिंगला होती. लांबच लांब टेबल, दोन्ही बाजूंना बायका, हात पुड्यांवर आणि तोंडं मोकळी. पुढे कारखाना गेला, पण ते टेबल हिल्डाने आपल्या ओट्यावर आणून मांडलं असंच म्हणायचं. नवरा बॅप्टिस्ट विमानतळावर सामान चढवायचा. "चंदू, विमानांचा काय आवाज घेऊन बसलास? तू एकदा आमच्याकडे जेवायला ये," म्हणायचा बिचारा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. मी भिंतीला भिंत लागून शेजारी. मूळचा मालवणकडचा, नाव चंद्रप्रकाश, पण हिल्डा मला माझ्या नातवंडांसमोरसुद्धा चंदूच म्हणते.

तर अशा या हिल्डाने तब्बल सात महिने एका गोष्टीबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, असं सांगितलं तर मरोळात कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि ती गोष्ट म्हणजे तिच्या स्वतःच्या सुनेचं बाळंतपण!

सून अपूर्वा. माहेर मुलुंडचं, गाव कणकवलीजवळ. हिल्डाचा रसेल आणि ती एकाच बँकेत. लग्न चर्चमध्येही लागलं आणि मुलुंडच्या हॉलमध्येही. मी दोन्हीकडे जेवलो. वडे तिथले बरे, मटण इथलं. पोरगी गुणी, थोडी अबोल. गेल्या वर्षी तिला दिवस राहिले तेव्हा चौथ्या महिन्यातच हिल्डाने अख्ख्या गावठाणाला सांगून टाकलं. माळ्यावरून रसेलचा पाळणा उतरवला, ओट्यावर बसून त्याला रंग दिला. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायची, "बघ रं, निळा बरा की पिवळा?" पाचव्या महिन्यात सगळं संपलं. पाळणा परत माळ्यावर कधी गेला, कुणी नेला, मी भिंतीपलीकडे असून मला कळलं नाही.

या खेपेला मात्र हिल्डा गप्प. अपूर्वाचं पोट दिसायला लागलं, मग चांगलं भरलं, तरी हिल्डाची नजर तिच्या कपाळाच्या खाली उतरेना.

डिसेंबरात एक दिवस रसेल माझ्याकडे आला. "काका, रविवारी आमच्याबरोबर चला. कांजूरमार्गला ते नवीन पार्क झालंय ना, नाताळची सजावट केलीय. तिथून मग अपूर्वाला मुलुंडला सोडायचंय, बाळंतपणाला."

"मी कशाला रे?"

"तुम्ही असलात की गाडीत जरा आवाज असतो. नाहीतर ममा आणि अपूर्वा... बोलतच नाहीत काका."

"सासू-सून भांडत नाहीत म्हणून तक्रार घेऊन आलेला तू पहिलाच."

तो हसला नाही. "काका, अपूर्वा म्हणते, बाळ झालं की ती तिकडेच राहणार. आम्ही तिकडेच भाड्याने जागा बघायची. ममाला अजून सांगितलं नाहीये."

आता हे ऐकल्यावर मी घरी थांबणार होतो थोडाच?

गाडीत हिल्डा पुढे बसली आणि पवईचा तलाव येईपर्यंत तिने निम्मं गावठाण संपवलं. व्हॅलेन्सियाने केस लाल केले, ॲश्टनने दुबईहून आईला पाठवलेलं घड्याळ उलटं चालतं, फादरना गोड खायला बंदी आहे आणि ते बेकरीत दिसले. मागे माझ्या शेजारी अपूर्वा काचेतून बाहेर बघत होती. तिला हिल्डाने एकच प्रश्न विचारला, "खिडकी बंद करू गो?" बस्स.

पार्क म्हणजे काय थाट! तीन मजली प्लॅस्टिकचं झाड, वरून साबणाच्या फेसाचा बर्फ पडतोय, आणि वारा फिरला की त्या बर्फातून कांजूरच्या कचऱ्याचा अस्सल वास. दारात सांताक्लॉज उभा. गाल बसलेले, पोटाला उशी बांधलेली. हिल्डाने त्याची उशी चाचपून पाहिली. "पोरा, जेवलास काय?"

"नाही आंटी, तीनला सुट्टी होते."

तिने पर्समधून घरी तळलेले नाताळचे गोड कलकल काढले आणि त्याच्या मुठीत कोंबले. "दाढी वर कर नि खा. कोनी बघत नाय."

मग रसेलने हिल्डाला तिथल्या छोट्या आगगाडीत बसवायला नेलं. अपूर्वाला तसल्या कशात बसायची मनाईच होती, म्हणून ती आणि मी बाकावर बसलो. मी आपलं सहज म्हटलं, "मालवणी माणूस मुलुंडला परत चाललं तर! आई खूश असतील."

माझ्या सहजमध्ये काय असतं ते तिला ठाऊक होतं. "काका, रसेलने तुम्हाला सांगितलं ना?"

"सांगितलं."

"मग मी काय चुकीचं करतेय सांगा. व्हॅलेन्सिया आंटीच्या मांजरीला पिल्लं होणार होती तर रसेलच्या मम्मी तिला रोज दूध घेऊन जात होत्या. तिच्या पोटावरून हात फिरवत होत्या. आणि मला? 'भात घालू?' एवढंच. सातवा संपत आला काका." तिने ड्रेसवर पडलेला फेस झटकला. "गेल्या वर्षी मी आठ दिवस जास्तीची सुट्टी घेतली नाही ना, कामावर जात राहिले. त्यांना वाटतं, माझ्यामुळे गेलं. तोंडावर बोलत नाहीत इतकंच. त्या घरात मला माझं मूल असं नको वाढवायला, कुणी न बघितलेलं."

मी बोलण्यात हार जाणारा माणूस नाही. पण तिथे मी सरळ उठलो. मी तिला नारळपाणी आणून दिलं.

रसेल आणि हिल्डा परत आले आणि आम्ही चौघं गर्दीबरोबर पुढे सरकलो. पुढे येशूजन्माचा गोठा मांडला होता, माणसाच्या उंचीचा. निळ्या पदराची मारिया, काठी घेतलेला योसेफ, तीन राजे, उंट, बैल, खरं गवत. आणि गव्हाणीत गुटगुटीत गुलाबी बाळ, डोक्यामागे दिव्यांचं वर्तुळ लुकलुकतंय. माणसं दोरीला टेकून फोटो काढत होती. हिल्डाने क्रूसाची खूण केली आणि तिचा हात छातीवरच थांबला.

"आज तारीख काय रं चंदू?"

"अठरा."

"मग हा इथे काय करतो?"

आम्हाला कुणाला काही कळायच्या आत बाई दोरी ओलांडून गेली. गुडघे दुखतात म्हणून चर्चमध्ये मिस्साला बसून राहणारी ही बाई! राजांच्या मधून वाट काढली, गव्हाणीतलं बाळ दोन्ही हातांनी उचललं, अंगातला स्वेटर काढून त्याच्याभोवती गुंडाळला आणि चालायला लागली. बाळाच्या पाठीतून एक लांब वायर निघालेली होती. ती नाळेसारखी मागे ताणली गेली, तुटली नाही, पण वरचा मोठा तारा फट्कन विझला.

"ओ आंटी! बाळ ठेवा! बाळ कुठे नेताय?" गणवेशातला सुरक्षारक्षक शिट्टी फुंकत धावला.

गर्दीच्या मागच्या टोकाला एवढंच पोचलं की कुणी बाई बाळ घेऊन पळाली. झालं! जिने तिने आपापलं पोर उचलून छातीशी धरलं. एका गुजराती आजोबांनी तर मलाच दंडाला धरलं, "तुमच्यासोबत आहे ना ही बाई?" मी म्हटलं, "नाही हो, शेजारीण आहे."

रसेल पॉपकॉर्नचा डबा धरून पुतळ्यासारखा उभा. तेवढ्यात पार्कची एक सुपरवायझर आली, हातात वॉकीटॉकी. "आंटी, प्लीज. डेकोरेशन आहे ते. लोक फोटोसाठी आलेत."

"डेकोरेशन?" हिल्डा बाळ थोपटत होती, तिचं तिलाही कळत नसावं. "पोरी, तुझ्या गोठ्यात आई अजून अवघडलेली हाय. चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हान रिकामी ठेवतात. बारा वाजले, घंटा झाली, की मग बाळ येतं. आधी आणून मांडायचं नाय."

"पण आंटी, चार-सहा दिवसांनी काय फरक पडतो?"

"फरक?" हिल्डाचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "मना इचार. मी आनला होता आधी. पाळना उतरवला, रंग दिला, गावभर तोंड वाजवत फिरले. चार महिन्यांचं होतं गो! येवढंसं! आनि मी त्याला लोकांत मांडून ठेवलं. गेलं मग. माझ्या तोंडाने गेलं." तिने स्वेटरात नाक पुसलं. "या खेपेला मी बघत पन नाय त्याच्याकडं. येऊ दे नीट. आला की बघीन."

माझ्या शेजारून अपूर्वा कधी निघाली ते मला समजलं नाही. पोट सांभाळत, दोरी वर उचलून ती आत गेली.

"मॅडम," ती सुपरवायझरला म्हणाली, आणि ही पोरगी एवढ्या मोठ्याने बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं, "आमच्यातही मूल जन्मायच्या आधी पाळणा घरात आणत नाहीत. माझ्या आजीने साधं टोपडंसुद्धा शिवू दिलं नव्हतं. मम्मी बरोबर बोलतायत. द्या मम्मी, मी धरते."

"तू नको धरू!" हिल्डा दोन पावलं मागे सरली. "जड हाय ते. प्लास्टरचं हाय."

मार्ग काढला तो त्या सुरक्षारक्षकाने. शिवदास त्याचं नाव, गणवेशावर होतं. म्हणाला, "मॅडम, बैलाच्या मागे गवतात ठेवतो. वायर पोचते तिथपर्यंत. गव्हाणीत नुसतं गवत राहू दे."

"आनि चोवीसला?" हिल्डाने विचारलं.

"चोवीसला मीच ठेवीन आंटी. पण बाराला नाही जमायचं, पार्क नऊला बंद होतं."

"बंद करताना ठेव. देव चालवून घेईल."

सुपरवायझरने मागच्या गर्दीकडे पाहिलं, वॉकीटॉकीकडे पाहिलं आणि मान डोलावली. शिवदासने बाळ बैलामागे निजवून वर गवत पसरलं. वायर जोडली तसा तारा पेटला, आणि बैलाच्या पाठीमागून गवतातून मंद उजेड यायला लागला. लोकांनी त्याचेही फोटो काढले. आपल्या लोकांचं काय!

हिल्डा गोठ्याच्या कट्ट्यावरच बसली. अपूर्वा शेजारी टेकली. मी जरा वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. माझ्या पायात चपला होत्या, पण त्या वेळी कोण बघतंय?

"मम्मी, मला वाटलं, तुम्हाला वाटतं की माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे काय?"

"मी ऑफिसला जात राहिले म्हणून."

हिल्डाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने उंटाला बैल म्हटलं. "येडी का खुळी गो तू? मी रसेलच्या वेळेला नववा लागेपर्यंत पुडे भरत होते. टेबलावरून उतरून इस्पितळात गेले. कामाने काय होतं?" मग खाली बघत, "तुला येवढे महिने हेच वाटत होतं?"

अपूर्वाने मान डोलावली. हिल्डा बोटांनी सुनेच्या ड्रेसवर चिकटलेलं गवत एकेक करून काढत राहिली. काढता काढता पोटावरची एक काडी आली, तिथे हात थबकला, मग ती काडीही तिने काढली.

"लाथा मारतो?" तिने इतक्या हळू विचारलं की मला ओठांवरून कळलं.

"रात्रीचं. झोपू देत नाही."

"बापावर गेला."

रसेलने पॉपकॉर्नचा डबा माझ्या हातात दिला आणि तोंड वळवून उभा राहिला. मी खाल्ले. गोड होते, मला खारे आवडतात.

तिथून मुलुंडला निघताना हिल्डा मागे बसली, मला पुढे ढकललं. हायवेवर पूर्ण वेळ दोघींची कुजबूज चालू. आता माझं वय झालं तरी कान शाबूत आहेत, पण रसेल नेमका रेडिओ लावून बसला. मी आवाज कमी केला की तो वाढवायचा. फक्त एकदा "...तुझ्या आईला नको सांगू" एवढं ऐकू आलं आणि त्यामागून दोघींचं दबलेलं हसू. काय नको सांगू? मी नंतर हिल्डाला तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी ती म्हणाली, "चंदू, तुझं पोट बघ, कुनाला वाटेल तुलाच मार्च लागलाय."

मुलुंडला अपूर्वाची आई रत्नप्रभाबाई खाली येऊन उभ्या होत्या. घावण्यांचा वास जिन्यापर्यंत आला होता. त्यांना वाटलं हिल्डा गाडीतूनच हात हलवील, कारण लग्नानंतर ती त्यांच्या दारात कधी उतरली नव्हती. पण हिल्डा उतरली. नुसती उतरली नाही, विहिणीचा हात धरून फाटकातच सुरू झाली. सात महिन्यांचं साचलेलं होतं, त्याला फाटक थोडंच पुरणार?

"विहीनबाई, आता ऐका. हिला रातीची झोप नाय, पायाखाली उशी द्या. खोबरं भरपूर घाला. आनि बाळंतपन झालं की सवा महिना ठेवा, वर एक दिवस नाय. मग ती मरोळला येनार. पोराला मी न्हाऊ घालनार, माझ्या हाताने, आनि तो जर पोरगा असला तर त्याचं नाव..."

अपूर्वाने झटकन पुढे होऊन सासूच्या तोंडावर हात दाबला. "मम्मी! अहो, हळू! येणार आहे मी मरोळला, येणार आहे. पण गप्प बसा!"

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. रत्नप्रभाबाई हसत म्हणाल्या, "वरती चला आधी, घावणे निवतायत." आणि तिघी जिना चढायला लागल्या, सुनेचा हात सासूच्या तोंडावर तसाच, आणि बोटांच्या फटीतून हिल्डाचं चालूच.