खाबेले मुकादमाचा आवाज

खाबेलेचा आवाज एके काळी दोन डोंगरांपलीकडे जायचा, असं सांगितलं तर आमच्या हा-लेबोना गावातली कालची पोरं हसतात. हसोत बापडी. त्यांनी त्याला खाणीतून आला तेव्हा पाहिलेलं नाही.

खाण सरहद्दीपलीकडची, सोन्याची. जमिनीत सरळ खाली, विहिरीसारखं खणत जायचं हे काम आमच्या लेसोथोच्या माणसांचं. बाकीचे त्यात उतरायला नाखूश असायचे. खाबेले तिथे अकरा वर्षं मुकादम होता आणि अकरा वर्षांत त्याच्या टोळीतला एकही माणूस दगावला नाही. कुणी नवीन भेटलं की तो नाव सांगायच्या आधी हे सांगायचा.

खाणीत दहा मुलुखांची माणसं, म्हणून तिथे सगळ्यांची मिळून एक बोली चालते. त्या बोलीत विनंती करता येत असेलही, पण ती करताना कुणी कुणाला ऐकलेलं नाही. सगळे हुकूम. उचल, धर, थांब. 'फूमा' म्हणजे बाहेर हो. खाबेले 'फूमा' म्हणून ओरडला की टोळी हातातलं टाकून आधी पळायची आणि मग मागे बघायची. एकदा वरच्या खडकातून चिमूटभर भुकटी गळताना त्याला दिसली. तो ओरडला, माणसं बाजूच्या बोगद्यात शिरली, आणि ती उभी होती तिथे घराएवढा धोंडा येऊन बसला. 'का हो मुकादम?' म्हणून विचारणारा एखादा शहाणा त्यांच्यात असता, तर तो आज विचारायला उरला नसता.

मग ती खाण बंद पडली. एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी आणि छातीत भरलेला खोकला एवढं घेऊन तो गावी आला. बायको आधीच गेली होती. दाराशी बसून तो खोकायचा आणि झऱ्यावरून डोक्यावर बादल्या आणणाऱ्या बाया मोजायचा. बाप्यामाणसाला गावात दुसरं कामच नव्हतं.

त्याच वर्षी गावाला नळ यायचं ठरलं. पाइप सरकारकडून मिळणार, चर गावाने खणायचा. आमच्या प्रमुखबाईंनी खाबेलेला मुकादम नेमलं. खणणं त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो ताठ झाला. खाणीतलं पिवळं हेल्मेट त्याने पेटीतून काढलं, पुसलं, डोक्यावर चढवलं.

टोळीत सतरा बाया आणि तीन म्हातारे. पहिल्याच सकाळी त्याने तोंड सोडलं, तेही खाणीच्या बोलीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं. उचल, धर, हात चालव. कुणी पाणी प्यायला थांबली तरी तिच्या अंगावर जाई. तिसऱ्या दिवशी नऊ माणसं आली, पाचव्या दिवशी चार. चर होता तिथेच.

सहाव्या दिवशी मा-नेओ फावडं मांडीवर आडवं घेऊन मातीच्या ढिगावर बसली. चाळिशीची बाई, नवरा कुठे परागंदा झालेला, जीभ तिखट. वडीलधाऱ्याला आम्ही न्ताते म्हणतो, तो मान राखून ती म्हणाली, "न्ताते खाबेले, ही बोली माझ्या बापाशी बोलायचे खाणीतले गोरे. तो घरी येऊन आमच्यावर ओरडायचा. तुम्ही आमचे कोण? आम्ही आमच्या पाण्यासाठी खणतोय, तुमच्या सोन्यासाठी नाही."

प्रमुखबाईंनी गाव बोलावलं, आणि सगळ्यांसमोर खाबेलेला शब्द द्यावा लागला, की चरावर खाणीची बोली बोलणार नाही, आवाज चढवणार नाही, काय करायचं ते सगळ्यांना विचारून ठरवीन. मान खाली घालून त्याने शब्द दिला. त्या रात्री तो जेवला नाही म्हणे.

पण माणूस शिकला हो! पन्नाशीत शिकला. सकाळी आधी सगळ्यांना बसवायचा, तपकिरीची डबी फिरवायचा, आज कुठवर जाऊ या म्हणून विचारायचा. मा-नेओ गाणं धरायची आणि त्या तालावर फावडी पडायची. सतराच्या सतरा परत आल्या, वर आणखी पाच. चर दिवसाला चाळीस पावलं पळायला लागला. दुपारी पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि पालेभाजी खाताना बाया त्याची नक्कल करायच्या, 'उचल! धर!', आणि तो सगळ्यांत जास्त हसायचा. मा-नेओ त्याच्या ताटलीत भाजी जरा जास्त वाढायची. गावाला ते दिसत होतं. त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे.

मग टेकाड आलं. पाण्याला उतार मिळावा म्हणून तिथे चर माणसाच्या डोक्यावर जाईल इतका खोल न्यायचा होता. भिंतींना लाकडाचे टेके हवेत हे खाबेलेला पहिल्याच दिवशी दिसलं. त्याने बैठकीत विचारलं. सगळ्यांना पटलं. पण झाडं कुणाची तोडायची? मिशनची की प्रमुखबाईंची, आधी परवानगी कुणी मागायची, यात तीन दिवस गेले. खाणीत असता तर त्याने झाडं आधी पाडली असती आणि शिव्या मागून खाल्ल्या असत्या. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताकही फुंकून पीत होता. चौथ्या दिवशी पाऊस लागला, तो दोन दिवस राहिला. उघडल्यावर बायाच म्हणाल्या, टेके येतील तेव्हा येतील, तोवर खणू या. बहुमत त्यांचं. खाबेलेने मान डोलावली.

सकाळी दहाचा सुमार. खाली मा-नेओ आणि तिघीजणी, काठावर खाबेले. गाणं चाललं होतं. समोरच्या भिंतीतून चिमूटभर माती ओघळली. थांबली. पुन्हा ओघळली.

'फूमा' त्याच्या घशापर्यंत आला. आला आणि अडकला. सगळ्या गावादेखत दिलेला शब्द, हसणाऱ्या बाया, भाजीची ताटली, काय काय आडवं आलं असेल त्या एका क्षणात! तो वाकला आणि मऊ आवाजात म्हणाला, "बायांनो, जरा वर येता का? मला ही भिंत बरी दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"येतो की," मा-नेओ वर बघून हसली, "एवढं टोक संपवते. का मुकादमाला भीती वाटायला लागली?"

तिघी त्याचा हात धरून वर आल्या. हसत, सावकाश, झगे सावरत. मा-नेओ फावडं घ्यायला वळली, उसनं आणलेलं होतं ते. तेवढ्यात भिंत ढासळली.

तेव्हा तो ओरडला. तोच शब्द, दोन डोंगरांपलीकडे जाणाऱ्या आवाजात. गावातली कुत्रीसुद्धा गप्प झाली. पण ज्याच्यासाठी ओरडायचं ते माणूस मातीखाली होतं. त्याने नखं निघेपर्यंत हातांनी उकरलं, आणि सगळी टोळी उकरत होती. ती हाती लागली तेव्हा दुपार झाली होती.

त्याला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. पोलिसांनी विचारलं तर बाया एका सुरात म्हणाल्या, त्याने सांगितलं होतं वर या म्हणून, आम्हीच वेळ लावला. पुरलं त्या दिवशी तो सगळ्यांच्या मागे उभा होता, हाताला फडकी बांधलेली. मा-नेओची म्हातारी आई काठी टेकत टेकत गर्दीतून त्याच्याकडेच आली. तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"माझ्या लेकीवर बाप ओरडला, नवरा ओरडला," म्हातारी म्हणाली. "तू एकटा कधी ओरडला नाहीस, बाळा. देव तुझं भलं करो."

खाबेलेचे ओठ हलले. आवाज फुटला नाही, आणि त्यानंतर तो कुणी फारसा ऐकलाही नाही.