रोडवरचं वावर

हे मी आजपर्यंत कोणालेच सांगतलं नाही. मायले नाही, मैत्रिणीले नाही. तुले सांगून राह्यली — मधात बोलू नको, बस ऐकून घे.

मी बालाघाटले वकिली शिकून राह्यली. आखरी साल आहे. हिंदू कायद्याच्या तासाले माह्याइतका मोठा आवाज कोणाचाच नसते. बापाच्या जमिनीत पोरीले भावाइतकाच हिस्सा, लग्न झालं तरी तो जात नाही — वर्गातल्या खोट्या कोर्टात हे मी टेबल ठोकून सांगतलं. सरांनी शाबासकी देल्ली. मोठी आली वकीलीण!

अन् त्याच दिवाळीत राजेगावले घरी गेलती. भाऊबीजेले परसवाड्याची आत्या आली. बाबाची एकुलती बहीण, दोघंच भावंडं. नवरा गेल्यापासून दिराच्या पडवीत राहते. आमच्याकडे रीतच आहे — भावानं लुगडं नेसवलं का बहिणीचा हिस्सा फिटला. आत्यानं ओवाळलं, लुगडं घेतलं, अन् मांगच्या आंगणात मले हळूच इचारलं, "पोरी, तू तं कायदा शिकून राह्यली. आजोबाच्या त्या रोडवरच्या वावरात माह्यं काही निघते का वो? एक खोली बांधाले पुरे."

काय सांगतलं असन मी?

"नाही आत्या. लग्न झालं का संपलं."

बाबाच्या भेवानं? छ्या! बाबा तं तिथं नव्हतेच. पण त्याईनं मले कबूल केलतं — वकील झाली का रोडवरच्या वावरात तुले आफिस बांधून देतो. पाटीवर माह्यं नाव! मले ते आफिस पायजे होतं. लालची होती मी, दुसरं काय?

आत्या म्हणे, "बरं झालं तुलेच इचारलं." अन् माह्या डोक्यावरून हात फिरवला. लाज वाटते वो, अजूनही.

काल बाबाले म्हटलं — आफिस नको, आत्याचा हिस्सा निघते. मले वाटलं, ताट फेकतीन. बाबा लय वेळ भात कालवत राह्यले. मंग म्हणे, "कायदा तसा असन तं तसंच होईन. पण तिनं कधी मांगतलं काहून नाही?"

तेवढं बाबाले नाही सांगतलं, पण मांगतलं होतं. मले.

वावर तसंच आहे, इकलं नाही. आत्याही धडधाकट आहे. उद्या परसवाड्याची पहिली बस धरीन. ती चहा ठेवन. चहाच्या आधीच सांगीन — आत्या, मी खोटं बोलली होती. खोली नाही, अर्धं वावर तुह्यं आहे.