मस्कतला एकच शून्य

भूतखेत, अंगात येणं... माझा कशावरच विश्वास नव्हता. सभापती येणार म्हटल्यावर गावातल्या निम्म्या लोकांच्या अंगात येतं, तेवढंच मी पाहिलेलं. तरी हे लिहितोय.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सानगडीच्या बाजारात माझा एसटीडी-आयएसडी बूथ होता. शेवंताबाई दर शुक्रवारी यायची. मुलगा हेमराज मस्कतला फिटर; शुक्रवारी त्याला सुट्टी. तिला वाचता येत नव्हतं, पण आधी दोन शून्यं, मग ९६८ – हे माझ्या बोटांकडे बघून तिला पाठ झालेलं. कधी कधी वीसदा डायल करावं लागे. तोवर ती हलत नसे.

त्या शुक्रवारी अकराला चौकात माझा सत्कार होता – ‘दूरसंचार क्रांतीचे शिलेदार’. असल्या समारंभांची मी आयुष्यभर टर उडवली, आणि तेव्हा इस्त्रीचा सदरा घालून घड्याळ बघत बसलो होतो. तेवढ्यात ती आली. मी फोन अंगाआड धरून एकच शून्य दाबलं. लागणार नाही, ‘नंबर तपासा’ची टेप ऐकून जाईल बिचारी...

"दोनी दाबले ना जी?"

"दाबले," मी म्हणालो आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

ती बोलू लागली. मला वाटलं, टेपशीच बोलतेय. पण ती थांबायची, ऐकायची, हसायची. बिलाचा मीटर मात्र जागचा हलला नाही.

"आज लय जवळून बोलला जी पोरगा," ती म्हणाली. "खोकला झाला म्हणते. मी काढा सांगतला."

ती घरी गेली, मी मंडपात.

बुधवारी शेवंताबाई वारली. हेमराज पोचला तो तेरवीला. आल्या आल्या त्यानं माझे पाय धरले.

"काकाजी, त्या शुक्रवारी तुमी फोन लावला म्हनून मायसंग बोलनं झालं. मले काढा सांगून राहिली होती."

मी त्याला हाताला धरून उठवलं.

नंतर मी टेलिफोन ऑफिसातून कॉलची यादी काढली. त्या दिवशी माझ्या बूथवरून परदेशी एकही कॉल नाही. चुकून दोन शून्यं दाबली गेली म्हणावं, तर नोंद हवी होती... तोच नंबर एक शून्य लावून मी पुढे अनेकदा फिरवला. दर वेळी टेप.

स्पष्टीकरण आजही नाही. हेमराज आता साकोलीला असतो. दिवाळीला न चुकता माझ्या पाया पडायला येतो. मी पडू देतो.