काकूंच्या कूलरचा पंप
क्लोरीनचा वास आला की परसात उभा केलेला आमचा निळा स्विमिंग पूल आठवतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बायको फक्त त्या पाण्यातच आधाराशिवाय चालू शकायची. ऐन मे महिन्यात फिल्टरचा पंप जळाला आणि चार हजार लिटर पाणी हिरवं पडू लागलं. शेजारच्या काकूंनी आपल्या कूलरचा पंप काढून भिंतीवरून माझ्या हातात दिला. "काकू, तुम्ही उकाड्यात कशा राहाल?" "ओला दुपट्टा घेऊन बसीन गा. तिले चालू दे आधी." दिवसभर तो पंप पाणी उपसत राहिला आणि मी ते जुन्या धोतराच्या चार पदरांतून गाळून परत सोडत राहिलो. रात्री क्लोरीन मोजून टाकलं. सकाळी बायको पाण्यात उतरली. आता ती धरमपेठेच्या बाजारात पायी जाते. मी मात्र अजूनही उन्हाळ्यात काकूंचा कूलर सुरू झाल्याचं ऐकतो आणि मगच आमचा लावतो.