बाजूचं काही बघायचं नाही

मामा रस्त्यानं चालताना बाजूला बघत नसे. छावणीच्या बाजारात सख्खी बहीण खांद्याला खांदा लावून गेली, तरी हा आपला नाकासमोर. आई घरी येऊन फणकारायची, "माझा भाऊ आता मोठा माणूस झालाय बाई, ओळखसुद्धा दाखवत नाही!" टेनिस कोर्टावरच्या मंडळींना मात्र त्याचं कोण कौतुक. "मामांची नजर म्हणजे नजर! शेजारून हत्ती गेला तरी ढळायची नाही." मीही हे ऐटीत सांगत फिरायचे. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

तो पाटबंधारे खात्यात कारकून होता. संध्याकाळी छावणीतल्या मुरमाच्या कोर्टावर आम्हा पोरींना टेनिस शिकवायचा, तेही फुकट, वर भरपूर बोलणी ऐकवून. रॅकेट कशी धरायची हे त्याच्या लेखी दुय्यम. "हात आपोआप शिकतो. डोळ्याला शिकवावं लागतं," म्हणायचा. समोरून चेंडू आला की त्याची शिवण बघायची आणि मारता मारता ती उभी होती की आडवी, ते ओरडून सांगायचं. मी बऱ्याचदा अंदाजानं ठोकून द्यायचे. तो लगेच पकडायचा. "खोटं नको बोलू. चेंडूकडं कुठं बघत होतीस? समोरच्या पोरीकडं बघत होतीस. ती काय खाती का तुला?"

मारलेला चेंडू कुठं पडला ते बघायला मान वर केली, की मग तर खैर नसायची. "पाहुणा निघाला की लगेच दार लावतो का आपण? तो वळणाला जाईस्तोवर उभं राहतो ना उंबऱ्यात? तसं नजरेला जाग्यावर उभं राहू दे जरा." आणि कोर्टाच्या फक्कीच्या पांढऱ्या रेषेकडं बोट दाखवून बजावायचा, "बाजूचं काही बघायचं नाय. रेषेपल्याड दुनियाच नाही असं समज."

एकदा सामना चालू असताना शेजारच्या कोर्टावरचा चेंडू सणसणत त्याच्या कानशिलावर आदळला. आम्ही आधीच ओरडलो होतो, पण आदळेपर्यंत त्याची पापणीसुद्धा लवली नव्हती. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मामा कानशील चोळत म्हणाला, "हा कुठून आला?" सगळे हसले.

पुढं हा प्रश्न फार ऐकू यायला लागला. बाजारात त्याची स्कूटर हातगाडीवर गेली, तेव्हाही त्यानं तेच विचारलं. जेवताना ताटाशेजारचा तांब्या लवंडायचा, दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. मामी वैतागायची, "डोळे आहेत का बटणं?" मामाला त्याचं काही नव्हतं. तो खेळात कधी नव्हे इतका रमला होता. "यंदा मन लई लागतंय बघ," तो मला खुशीत म्हणाला, "चेंडू सोडून काही दिसतच नाही."

खुलताबादहून परत येताना घाटात बाजूनं आलेली एसटी त्याला दिसली नाही. स्कूटर नालीत गेली, नशिबानं तो वाचला. मामीनं त्याला दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. बरोबर आई होती, मी होते. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, बराच पुढं गेलाय. तो नजर कडेकडेनं खात येतो, दुखत नाही की खुपत नाही, आणि गेलेलं परत येत नाही. रक्ताच्या नात्यातल्यांनीही डोळे तपासून घ्या, असंही ते म्हणाले. पण ते कुणाच्या कानात शिरलं नाही, आम्ही सगळे मामाकडं बघत होतो.

 मामा मला म्हणाला, "मला वाटलं, मला खेळ जमायला लागला." मला तिथंच रडू फुटलं.

हळूहळू मधली नजरही गेली. तो कोर्टाशेजारच्या बाकावर कान देऊन बसायचा आणि मी चेंडू मारला की विचारायचा, "शिवण?" मी जी दिसली तीच सांगायचे. न दिसली तर तसं सांगायचे. त्याच्यापुढं अंदाज ठोकायची छाती पुन्हा झाली नाही. आता त्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. इतकी माया माझ्यावर नंतर कुणी केली नाही.

हल्ली मी पुंडलिकनगरात राहते आणि मुलींना टेनिस शिकवते. मामाचीच वाक्यं, मामाचाच आवाज. परवा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, काल मी तुमच्या शेजारून गेले, हातसुद्धा केला. तुमचं लक्षच नाही. काय एकाग्रता हो तुमची!"  दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांचा दवाखाना गाठला.

तिथल्या मुलीनं मला एका पांढऱ्या पोकळ यंत्रात हनुवटी टेकवायला लावली आणि हातात बटण दिलं. "मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. बाजूला दिवा लागलेला दिसला की बटण दाबायचं." मामानं शाबासकी दिली असती, अशी मी नजर लावली. मधल्या भागात दिवे लुकलुकले, मी बटण दाबत गेले. मग नुसता पांढरा उजेड. मी वाट बघत राहिले.

"बाजूचे दिवे लावायचे राहिलेत का?" शेवटी मी विचारलं.

"नाही हो मॅडम," ती म्हणाली, "ते केव्हाचे लागतायत."