अण्णांची पहिली फळी

परवा छावणीच्या बाजारात कुणी रॉकेलचा बोळा पेटवला आणि त्या वासानं मला थेट दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारी वाटेत नेलं.

नामांतराच्या आंदोलनात शहरात लागलेली संचारबंदी नुकतीच उठली होती. मी चिकलठाण्याच्या कारखान्यात नवीनच लागले होते. पहिल्याच सुट्टीला आई-अण्णांना गावाहून बोलावून किल्ला दाखवायला नेलं. अण्णा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. लढाईत ते खंदक सोडून मागं आले, असं गावातले लोक आईला ऐकवायचे. अण्णा कधी उत्तर देत नसत.

तट, खंदक ओलांडून आम्ही अंधारीत शिरलो. वाटाड्यानं रॉकेलची मशाल पेटवली. अण्णा भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "एकामागं एक अडथळे. आमची मोर्चेबंदी अशीच व्हती."

"तुमी कुठं व्हता?" आईनं विचारलं.

"पहिल्या फळीत. रणगाड्यांना जमंल तितकं अडवायचं, दमवायचं, आन् हुकूम आला की मागच्या फळीत यायचं. तिसऱ्या फळीपुढं ते थांबले. एक पाऊल पुढं आले नाय."

"मंग गावाला हे का नाय सांगितलं?"

अण्णा म्हणाले, "माझ्यासंगचे लई जण दुसऱ्या फळीपर्यंत पोचलेच नाय. मी पोचलो, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

आईनं त्यांचा हात धरला. चारचौघांत तिनं असं कधी केलं नव्हतं. मला वाटलं, अंधाराला घाबरली असेल. पण आम्ही बाहेर उन्हात आलो, तरी तिनं तो हात सोडला नाही.